घड्याळात दोन, उन्हात बारा

दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरील मालागा शहरात जूनअखेरीस दुपारचे बारा वाजतात, तेव्हा माणसाची सावली पायाशी आलेली नसते. ती त्याच्या उंचीच्या जवळजवळ दोन तृतीयांश लांबीची असते आणि पश्चिमेकडे पडलेली असते. मग ती हळूहळू आखडत जाते. ती सर्वांत आखूड होते, म्हणजे उंचीच्या जेमतेम पाव भागाएवढी उरते, तेव्हा घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झालेली असतात. खरी माध्यान्ह ती. मालागाच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा उन्हाच्या हिशेबाने सकाळचे पावणेदहाही झालेले नसतात.

हा घोळ भूगोलाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. ग्रिनिचची मध्यान्हरेषा स्पेनच्या पूर्व टोकाजवळून जाते, त्यामुळे देशाचा बहुतेक भाग तिच्या पश्चिमेला पडतो. लंडनचे घड्याळ त्याला अगदी योग्य होते आणि १९४० पर्यंत तेच चालत होते. त्या वर्षी १६ मार्चच्या रात्री फ्रँकोच्या राजवटीने देशातली सगळी घड्याळे एक तास पुढे नेली. युद्धकाळातला हा बदल पुढे कुणी मागे घेतलाच नाही. त्यामुळे आजही मालागा आणि बर्लिन यांची वेळ एकच आहे. त्यात उन्हाळ्यात युरोपभर घड्याळ आणखी एक तास पुढे करतात, तो तास वेगळा. शेजारचा पोर्तुगाल मात्र लंडनच्या वेळेवर आहे. दोन्ही देशांच्या सीमेवरून वाहणाऱ्या ग्वादियाना नदीवर आता एक झिपलाइन आहे. स्पेनमधून दोरीला लटकून निघालेला माणूस मिनिटाभरात पोर्तुगालमध्ये उतरतो आणि घड्याळात पाहिले तर निघाल्याच्या तासभर आधी पोहोचलेला असतो!

आपल्याकडेही घड्याळ आणि सूर्य यांचे पूर्ण जमत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, त्यामुळे मुंबईत सूर्य डोक्यावर यायला साडेबारा ते पाऊण वाजतो. पण अर्ध्या-पाऊण तासाने फारसे बिघडत नाही. सव्वादोन तासांनी बिघडते, आणि तेही त्वचेच्या बाबतीत.

ब्रिटनमधल्या माणसाला त्याची सरकारी आरोग्यसेवा सांगते की मार्च ते ऑक्टोबर या काळात सकाळी ११ ते दुपारी ३ उन्हात जाणे टाळा. हा सल्ला ब्रिटनपुरता अचूक आहे, कारण तिथे उन्हाळ्यात माध्यान्ह एकच्या आसपास होते आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन तास त्यात येतात. हाच माणूस सुट्टीत मालागाजवळच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोस्टा देल सोलला येतो. अकरा ते तीन शहाण्यासारखा हॉटेलात बसतो आणि तीन वाजता, आता ऊन उतरले असेल या समजुतीने, वाळूवर आडवा होतो. त्या वेळी माध्यान्ह होऊन जेमतेम चाळीस मिनिटे गेलेली असतात. अतिनील किरणांचा जोर मोजणारा निर्देशांक भर उन्हाळ्यात इथे ९-१० पर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत आठच्या पुढचा आकडा ‘अतितीव्र’ गटात मोडतो. घरी पाळायचा तोच नियम इथे पाळायचा तर दुपारी साधारण साडेबारा ते साडेचार सावलीत राहायला हवे.

घड्याळ बाजूला ठेवून सावलीलाच विचारणे हा याहून सोपा उपाय आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे, अंग झाकायला हवे. हा नियम कुठल्याही देशात आणि कुठल्याही ऋतूत चालतो. मालागात जूनअखेरीस सावली सकाळी अकराच्या सुमारास उंचीएवढी होते आणि पुन्हा तेवढी लांबते ती संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास. पावणेसहा! आपल्याकडे त्या वेळी लोक ‘आता ऊन कुठे राहिले’ म्हणत फिरायला निघतात.

किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या छत्रीवर फार विसंबू नये, हेही इथेच सांगायला हवे. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका तळ्याच्या काठी ८१ जणांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेतीन तास फक्त छत्रीखाली बसलेल्यांपैकी ७८ टक्क्यांची त्वचा कुठे ना कुठे भाजली होती. भरपूर संरक्षण देणारे सनस्क्रीन लावलेल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. याचे कारण साधे आहे. अतिनील किरण फक्त सूर्याच्या दिशेने येत नाहीत. ते सगळ्या आकाशातून विखरून येतात आणि वाळूवरून परततातही. मार्बेया इथल्या कोस्टा देल सोल रुग्णालयातील त्वचाविकारतज्ज्ञांनी पर्यटक आणि स्थानिकांसाठी एक मोहीमच चालवली आहे. ‘उन्हाचा आनंद घ्या, पण कातडी तिथे ठेवून येऊ नका’ असा तिच्या नावाचा अर्थ होतो.

मग स्थानिक लोक काय करतात? ते घड्याळाकडे फारसे लक्षच देत नाहीत. स्पॅनिश लोक भलत्या वेळी जेवतात, भलत्या वेळी झोपतात, अशी त्यांची जगभर ख्याती आहे. दुपारचे जेवण अडीच-तीनला आणि रात्रीचे साडेनऊ-दहाला. मात्र सेव्हिल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होसे मारिया मार्तिन ओलाया अनेक वर्षे हेच मांडत आले आहेत, की सूर्याच्या वेळेत मोजले तर या वेळा तितक्याशा विचित्र नाहीत. अडीचचे जेवण म्हणजे भर माध्यान्हीचे जेवण. घड्याळ पुढे ढकलले गेले, पण लोक सूर्याला धरून राहिले, इतकेच.

‘सिएस्ता’ हा शब्दसुद्धा हेच सांगतो. तो लॅटिनमधल्या ‘सहावा तास’ या अर्थाच्या शब्दावरून आला. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास, म्हणजे माध्यान्ह. आपली ‘दुपार’ही तशीच झाली आहे, दोन प्रहरांवरून. एक प्रहर तीन तासांचा, दोन प्रहर सहा तासांचे. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकच गणित केले. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकराला उगाच हसतात. त्याला मालागात कुणी हसणार नाही, फक्त त्याने दोन ते साडेपाच अशी पाटी लावायची. अर्थात सगळे आंदालुसिया दुपारी झोपते असे समजू नये. शहरांतल्या नोकरदारांना ते परवडत नाही. पण पडदे ओढून, लाकडी झडपा लावून घरात राहणे मात्र सर्रास चालते.

या झोपेबद्दल विज्ञान काय म्हणते, तर सरळ उत्तर नाही. ग्रीसमधील २३ हजारांहून अधिक लोकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुपारी नियमित झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले होते. पुढे २०२३ मध्ये, याच स्पॅनिश किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या मुर्सिया प्रांतातल्या ३,२७५ प्रौढांचा अभ्यास आला. त्यात अर्ध्या तासाहून जास्त झोपणाऱ्यांचे वजन आणि रक्तदाब न झोपणाऱ्यांपेक्षा अधिक दिसले. छोटी डुलकी काढणाऱ्यांमध्ये तसे दिसले नाही. झोपेमुळे वजन वाढते की वजनदार माणसाला झोप जास्त येते, हे असल्या अभ्यासांतून ठरत नाही. पण वीस-पंचवीस मिनिटांवर गजर लावायला हरकत नसावी.

मुर्सियाचाच २०१३ सालचा आणखी एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वजन कमी करण्याच्या वीस आठवड्यांच्या कार्यक्रमातल्या ४२० जणांत, मुख्य जेवण दुपारी तीनच्या आधी घेणाऱ्यांचे वजन तीननंतर जेवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. दोन्ही गटांचा आहार आणि झोप साधारण सारखीच होती. तेव्हा ‘सूर्यानुसार जेवतो’ या सबबीलाही मर्यादा आहे. तीनच्या पुढे गेले की सूर्यही आपल्या बाजूने उभा राहत नाही.

इथल्या जेवणातल्या ऑलिव्ह तेलावर इतके लिहून झाले आहे की पुन्हा नको. त्याऐवजी मालागाच्या माशांविषयी सांगतो. समुद्रकाठच्या टपरीवजा खानावळीला इथे ‘चिरिंगितो’ म्हणतात. तिच्यासमोर वाळूने भरलेली एक जुनी होडी असते. होडीत लाकडाचे निखारे फुललेले असतात. वेळूच्या एका काडीत पाच-सहा तारल्या ओवायच्या आणि ती काडी निखाऱ्यांच्या कडेला वाळूत तिरकी खोचायची. याला ‘एस्पेतो’ म्हणतात. आपल्या कोकणात स्वस्त म्हणून नाक मुरडली जाणारी तारली इथे किनाऱ्याची शान आहे. मे ते ऑगस्ट हे तिचे दिवस, कारण तेव्हा ती चरबीने भरलेली असते आणि त्या चरबीतच हृदयाला उपकारक ओमेगा-३ मेदाम्ले असतात. यातली खुबी आहे ती काडी बाजूला खोचण्यात. मासा निखाऱ्यांच्या थेट वर नसल्याने चरबी निखाऱ्यांवर कमी ठिबकते. चरबी निखाऱ्यांवर जळाली की त्या धुरात कर्करोगाशी संबंध असलेली काही संयुगे तयार होतात आणि मासा वर टांगलेला असेल तर त्याच्यावरच बसतात. मालागाच्या कोळ्यांनी हे रसायनशास्त्र वाचून केलेले नाही. वाऱ्यामुळे धूर ज्या बाजूला जात नाही तिथे मासा ठेवला की चव चांगली लागते, एवढे त्यांना ठाऊक होते.

जेवण झाले की मुलांना समुद्रात जायला दोन तास बंदी. स्पेनमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने ही आज्ञा ऐकली आहे. पोटभर जेवून पाण्यात गेले तर ‘पचन तुटते’ आणि माणूस बुडतो, अशी समजूत. याला वैद्यकीय आधार नाही. खरा धोका वेगळा आहे. तापलेले अंग एकदम गार पाण्यात गेले की श्वास अडखळतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. मालागाचा समुद्र तर उन्हाळ्यातही फसवा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचे थंड पाणी इथे येत राहते, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर समुद्र कोमट असताना इथे जुलैतही अंगावर काटा येऊ शकतो. तेव्हा मनगटे, मान ओली करत हळूहळू पाण्यात उतरावे, हा खरा सल्ला. आता या चुकीच्या समजुतीचे फळ पाहा. अडीचला जेवलेली मुले साडेचारपर्यंत सावलीत राहतात. साडेबारा ते साडेचार या धोक्याच्या काळाचा उत्तरार्ध नेमका तोच! कारण खोटे, पण आज्ञा बरोबर. आजीने शास्त्र चुकवले, पण वेळ साधली.

या किनाऱ्यावर दिवस कसा जाईल हे पुष्कळदा वारा ठरवतो. पूर्वेचा ‘लेवांते’ दमट आणि पश्चिमेचा ‘पोनिएंते’ गार. सामुद्रधुनीवरच्या तारिफा गावात दोन्ही इतके जोराने वाहतात की तिथे छत्री रोवण्यापेक्षा लोक पतंगाच्या जोरावर लाटांवर घसरण्याचा खेळ खेळतात. मालागाची डोकेदुखी तिसराच वारा आहे, ‘तेर्राल’. जमिनीकडून येणारा म्हणून तेर्राल. शाळेत शिकलेले आपले मतलई वारे म्हणजे तेच, फक्त आपले रात्री वाहतात आणि गारवा आणतात. तेर्राल आतल्या पठारावरून निघतो, डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे उतरतो आणि उतरताना हवा दाबली जाऊन दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापते. एरवी तिशीच्या आसपास असणारा पारा काही तासांत चाळिशीवर जातो. १९७८ च्या जुलैमध्ये तो ४४ अंशांच्याही पुढे गेला होता. वारा किनाऱ्याजवळचे कोमट पाणी आत ढकलतो, त्यामुळे खालचे गार पाणी वर येते. हवा भट्टीसारखी आणि समुद्र बर्फासारखा, अशी ही जोडी. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे कळतच नाही. तो येतो आणि उडतो. तहान लागेपर्यंत शरीरातले पाणी बरेच कमी झालेले असते.

मात्र तेर्रालच्या दिवशी ‘बोतिहो’तले पाणी सगळ्यात गार होते. बोतिहो म्हणजे कान आणि चोच असलेला मातीचा, बिनचकाकीचा माठ. त्याचे तत्त्व मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. माद्रिदच्या तंत्रविद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी १९९५ मध्ये त्याचे रीतसर गणित मांडून शोधनिबंध लिहिला. आपल्या माठावर असे कुणी बसून गणित करायला हवे! पाण्याच्या जोडीला गास्पाचो असते. टोमॅटो, काकडी, लसूण, शिरका, तेल आणि मीठ वाटून केलेले गार सार. मालागाचे स्वतःचे ‘आहोब्लांको’ बदाम आणि लसणीचे, वर द्राक्षे घातलेले. उन्हात राबणाऱ्यांसाठी पाणी आणि मीठ एकत्र देणारे हे पदार्थ आपल्या ताकाचे आणि पन्ह्याचे भाऊबंद आहेत. रक्तदाब असलेल्यांनी दुकानातल्या तयार डब्यावरचे मिठाचे प्रमाण तेवढे वाचावे.

फिरायला जाणाऱ्यांनीही सूर्याच्या वेळेनेच निघावे. कामिनितो देल रे ही दरीच्या कड्याला चिकटलेली पायवाट २०१५ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा खुली झाली. सगळा रस्ता साडेसात किलोमीटरच्या पुढचा आणि डोक्यावर सक्तीचे हेल्मेट. तिथे सकाळची पहिलीवहिली वेळ घ्यावी. नेर्हाच्या गुहा दुपारसाठी ठेवाव्यात. १९५९ मध्ये गावातल्या पाच मुलांना सापडलेल्या या गुहांमध्ये वर्षभर १९ अंशांच्या आसपास तापमान असते. फ्रिहिलियाना, कासारेस यांसारखी डोंगरातली पांढरी गावेही चालतात, कारण चुन्याची सफेदी ऊन परतवते आणि अरुंद बोळांत दिवसभर कुठली तरी एक भिंत सावली देत असते. मात्र चढ सांभाळा.

हे सगळे पाहुण्यांचे झाले. जे इथेच राहतात त्यांच्यासाठी उन्हाळा हा जगण्या-मरण्याचा प्रश्न बनत चालला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१,६७२ मृत्यू झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला, त्यांपैकी ११,३२४ स्पेनमधले. सर्वाधिक झळ बसली ती ऐंशीच्या घरातल्या आणि त्यापुढच्या वृद्धांना, त्यातही स्त्रियांना. किनाऱ्यावर दिवसाचा पारा सेव्हिल किंवा कोर्दोबाइतका चढत नाही, पण दमट रात्री खाली उतरत नाही. किमान तापमान २० अंशांच्या खाली न गेलेल्या रात्रीला तिथले हवामान खाते ‘उष्णकटिबंधीय रात्र’ म्हणते. मुंबईकराला हे वाचून हसू येईल, आपल्याकडे २० अंशांना स्वेटर निघतात. पण शरीर ज्याला सरावलेले असते त्यावर सगळे अवलंबून आहे. म्हणूनच स्पेनच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ पासून देशाचे १८२ विभाग केले आणि प्रत्येकाला धोक्याची वेगळी मर्यादा दिली. उत्तर किनाऱ्यावर ती २४ अंशांच्या आसपास आहे, तर कोर्दोबाच्या मैदानात ४० च्या वर. जिल्हावार वेगळी मर्यादा ठरवण्याची ही पद्धत महाराष्ट्रालाही लागू पडण्यासारखी आहे. चंद्रपूर आणि रत्नागिरीला एकच आकडा लावून भागत नाही.

दुपारी पडदे ओढून घरात बसणे सगळ्यांच्या नशिबी नसते. पर्यटकांना थंड पेय आणून देणारा वेटर, निखाऱ्यांच्या होडीजवळ उभा असलेला आचारी, आल्मेरियाच्या प्लास्टिकच्या हरितगृहांत टोमॅटो खुडणारे मोरोक्को आणि आफ्रिकेतून आलेले मजूर यांचा दिवस सावलीवर ठरत नाही. मे २०२३ च्या एका शासकीय हुकमाने, हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर उघड्यावरची कामे आटोपती घेणे, वेळा बदलणे मालकांना बंधनकारक केले. हरितगृह उघड्यावर मोडते का, हा प्रश्न ज्याने आत पाय ठेवला आहे त्याला पडणार नाही.

दुसरी काळजी एकट्या राहणाऱ्यांची. कोस्टा देल सोलवर ब्रिटन आणि उत्तर युरोपातून निवृत्तीनंतर स्थायिक झालेले हजारो वृद्ध आहेत. घर छान, तलाव छान, पण शेजारी कोण ते ठाऊक नाही. आणि १९९५ च्या शिकागोतल्या, २००३ च्या पॅरिसमधल्या उष्णतेच्या लाटांनी दाखवून दिले की बळी जाणाऱ्यांत एकटे राहणारे मोठ्या प्रमाणात असतात. कुणी दार वाजवून विचारणारे नसते.

जुन्या गावांत याची सोय न सांगता झालेली आहे. सूर्य साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा म्हाताऱ्या बायका घरातल्या खुर्च्या उचलून रस्त्यावर आणून मांडतात आणि गार वारा खात गप्पा मारत बसतात. आपल्या ओट्यावर बसायचे, तसेच. कादिझ प्रांतात, किनाऱ्यापासून थोडे आत, आल्गार नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या महापौरांनी २०२१ मध्ये या खुर्च्यांवरच्या गप्पांना युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळावे, अशी मागणी केली. टीव्ही आणि मोबाइलमुळे ही रीत मोडत चालली आहे, हे त्यामागचे कारण होते. त्या गावात एखादी खुर्ची सलग दोन रात्री बाहेर आली नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या घराचे दार वाजवायला जातेच.